उघडी वही आणि जागे डोळे



घरांतील लॅपटॉपचें बटन दाबलें, कीं पडद्यावर चित्रें उमटतात, अक्षरें लिहितां येतात, दूरचें वर्तमान क्षणांत समोर येतें. हें सर्व कोण घडवून आणतें, हा प्रश्न मात्र फार थोड्यांच्या मनांत येतो. यंत्राच्या निरनिराळ्या अंगांस कामें वांटून देणारी, कोणास किती जागा व किती वेळ द्यावयाचा हें ठरविणारी जी आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम असें म्हणतात. मोठ्या वाड्यांत कारभाऱ्याचें जें काम, तेंच संगणकांत तिचें. धनी आपण खरे. पण किल्ल्यांचा जुडगा कारभाऱ्याच्या कमरेस असतो. म्हणून त्याची वही आपणांस पाहतां येते कीं नाहीं, हें जाणून घेणें अगत्याचें आहे.

पुष्कळ सिस्टिमांची मूळ संहिता, म्हणजे मनुष्यानें लिहिलेला मजकूर, कंपनी आपल्याजवळच ठेविते; आपणांस मिळते ती केवळ यंत्रास कळणारी प्रत. मुक्त सिस्टिमचें तसें नाहीं. ती हव्या त्या कामीं चालविणें, तिची संहिता वाचून तींत बदल करणें, तिच्या प्रती वांटणें आणि सुधारलेल्या प्रतीही वांटणें, अशीं चार स्वातंत्र्यें वापरणाऱ्यास दिलेलीं असतात.

ह्या विचाराचा उगम एका क्षुल्लक अडचणींत सांपडतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन काम करीत असत. तेथील छपाईयंत्रांत कागद वारंवार अडके. तसें झाल्यास सर्वांस सूचना जावी, एवढी सुधारणा त्यांस करावयाची होती; परंतु मूळ संहिता देण्यास नकार मिळाला. पुढें १९८३ सालीं त्यांनीं ‘ग्नू’ ह्या मुक्त सिस्टिमचा संकल्प जाहीर केला. तिचे बहुतेक भाग सिद्ध झाले. गाभा तेवढा उरला. तो १९९१ सालीं फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरव्हाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या संगणकावर लिहिला व सर्वांपुढें मांडला. तोच लिनक्स. जगांतील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी वर्षांतून दोनदां प्रसिद्ध होते; नोव्हेंबर २०१७ पासून तींतील सर्वच्या सर्व यंत्रें लिनक्सवर चालत आलीं आहेत. आपल्या पालकांच्या हातांतील अँड्रॉइड फोनाचा गाभाही तोच आहे.

आतां घरच्या उपयोगाकडे वळूं. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि पुष्कळ धडधाकट लॅपटॉप पुढील आवृत्तीच्या अटींत बसत नाहींत. असा लॅपटॉप अडगळींत टाकण्यापूर्वीं १९९३ पासून चालत आलेली डेबियन, किंवा तिच्यावरून घडविलेली उबुंटू, त्यावर चालवून पाहावी. प्रथम आपल्या सर्व फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. नंतर सिस्टिमची प्रत तिच्या मूळ स्थानावरूनच घ्यावी, ती अस्सल आहे ना हें प्रसिद्ध केलेल्या पडताळा-अंकाशीं ताडून पाहावें, आणि ती पेनड्राइव्हवर उतरवावी. यंत्र त्या पेनड्राइव्हवरून सुरू केलें म्हणजे जुन्या डिस्कला हात न लावतां नवी सिस्टिम अजमावतां येते. वायफाय, आवाज, देवनागरी कळफलक ठीक चालतात असें दिसल्यावरच ती कायमची बसवावी. ‘संपूर्ण डिस्क पुसावी काय?’ ह्या प्रश्नास उत्तर देतांना मात्र घाई करूं नये.

तोच लॅपटॉप सर्व्हरही होऊं शकतो. सर्व्हर म्हणजे इतर यंत्रांची सेवा करणारें यंत्र. घरांतील छायाचित्रें किंवा वाचनालयाची सूची त्यावर ठेवितां येते; वीज गेली तरी त्याची बॅटरी त्यास कांहीं वेळ सांभाळते. एसएसएच नांवाच्या साधनानें दुसऱ्या खोलींतून किंवा दुसऱ्या गांवांतूनही त्याचा कारभार पाहतां येतो. परंतु जें दार आपणांस उघडें, तें चोरासही मोहविणारें असतें.

ह्याविषयीं एक सत्य घटना ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. माहिती दाबून लहान करणारें ‘एक्सझेड’ नांवाचें साधन मुख्यत्वें एक थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता. जिया टॅन असें नांव धारण करणाऱ्या कोणीं दोन वर्षांहून अधिक काळ त्यास निमूटपणें साह्य करून विश्वास संपादिला, आणि २०२४ च्या आरंभीं त्या साधनांतून एसएसएचमध्यें शिरण्याची चोरवाट घातली. ती चाचणीच्या फायलींत दडविलेली होती. आणि तिला जोडणारा मजकूर सर्वांच्या उघड्या वहींत न लिहितां, केवळ वांटावयाच्या गठ्ठ्यांत घातला होता! आंद्रेस फ्रॉइंड नामक अभियंत्यास आपल्या चाचण्या करीत असतां, एसएसएचच्या प्रवेशास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. दुसरा कोणी असता तर दुर्लक्ष करता. त्यानें मात्र माग काढला व २९ मार्च २०२४ रोजीं सर्वांस सावध केलें. डेबियनच्या स्थिर आवृत्तींत ती चोरवाट पोंचण्यापूर्वींच दार बंद झालें.

ह्यावरून काय शिकावें? वही उघडी असली म्हणून ती आपोआप वाचली जात नाहीं. परंतु ती उघडी होती, म्हणूनच एका बाहेरच्या मनुष्यास तळापर्यंत जातां आलें. मुक्त सिस्टिम पैशानें बहुधा फुकट मिळते. तिचें खरें मोल दक्षतेनें द्यावयाचें असतें. पालकांनीं मुलांस जुनें यंत्र उघडून पाहूं द्यावें. मुलांनीं सिस्टिमच्या सुधारणा वेळेवर घ्याव्या, आढळलेली चूक नीट लिहून कळवावी, आणि जमल्यास पडद्यावरील चार वाक्यें शुद्ध मराठींत आणावीं. हें काम अनेक स्वयंसेवकांनीं आरंभिलेंच आहे. अर्ध्या सेकंदाचा फरक ज्यास खटकला, त्यानें असंख्य अनोळखी लोकांचीं घरें राखलीं. तसा डोळा अभ्यासानें येतो, आणि अभ्यासाचें वय हेंच आहे.