जोत्याचा फोटो आणि पाच हजार रुपये

प्रश्न : सासूबाईंच्या नावावर प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल मंजूर झालं. पहिल्या हप्त्यात जोतं बांधलं. आता जागेवरचा फोटो ऑनलाइन चढल्याशिवाय पुढचा हप्ता पडत नाही, आणि त्या फोटोसाठी इंजिनिअर पाच हजार मागतात. ‘सगळेच देतात’ म्हणतात. पावसाळा तोंडावर आहे. देऊन टाकावेत का? देणाऱ्यालाही शिक्षा होते, हे खरं का?
– एक वाचक, मराठवाडा

उत्तर : ताई, देऊ नका. सपाट भागात घरकुलाला १,२०,००० रुपये मिळतात. त्यातले पाच हजार म्हणजे सिमेंटच्या कितीतरी गोण्या. गरिबाच्या भिंतीतून काढलेला पैसा आहे हा, आणि त्याची मला मनापासून चीड येते.

देणाऱ्याला काही होत नाही, असं गावात अजून सांगतात. ते आता खरं नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८चा. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. मात्र नाइलाजाने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर देणारा सुटतो. आधी कळवून सापळ्यासाठी पैसे दिले, तर प्रश्नच येत नाही. म्हणून पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा.

ते लगेच धाड घालत नाहीत. आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, बोलणं रेकॉर्ड केलं जातं. रक्कम इंजिनिअरच्याच तोंडून यायला हवी. तुम्ही आपणहून आकडा सुचवू नका. मग पावडर लावलेल्या नोटा आणि सापळा. इंजिनिअर कंत्राटी असला तरी सरकारी पैशातून मानधन घेऊन सरकारी काम करतो, त्यामुळे कायद्याच्या लेखी तो लोकसेवकच. नुसती मागणी केली तरी गुन्हा होतो. शिक्षा तीन ते सात वर्षं.

तुमची खरी भीती वेगळी असणार : तक्रार केली तर हप्ता कायमचा अडकेल. मंजूर घरकुलाचे पैसे थेट सासूबाईंच्या बँक खात्यात येतात, ते त्या माणसाच्या खिशातून जात नाहीत. त्याच्या हाती आहे तो फक्त उशीर. तो टाळायला सासूबाईंच्या सहीने गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज द्या : जोतं अमुक तारखेला पूर्ण झालं, फोटो घेण्यासाठी माणूस पाठवावा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही, असं म्हणायला कोणी मोकळं असतं.