चेंडूचा वेग आणि पिचरची पारख

क्रिकेटमध्ये जे स्थान गोलंदाजाचे, तेच अमेरिकेतील बेसबॉलमध्ये 'पिचर'चे. मात्र पिचर लांबून धावत येत नाही आणि चेंडूचा टप्पाही पाडत नाही. मातीच्या लहानशा उंचवट्यावरून तो कोपर वाकवून चेंडू फेकतो. तेथील व्यावसायिक संघ १९६५ पासून दरवर्षी ठरावीक क्रमाने नवे खेळाडू निवडत आले आहेत. त्यांत नुकतेच शालेय शिक्षण संपवलेली सतरा-अठरा वर्षांची मुलेही असतात. अशी मुले हेरण्यासाठी संघांची माणसे शाळांच्या मैदानांवर हिंडतात. त्यांना 'स्काउट' म्हणतात. आपल्याकडील बालवीरांशी त्यांचा काही संबंध नाही!

पारख करणे म्हणजे एका अर्थी मापन करणे. तेव्हा प्रयोगशाळेतील मापनाचे नियम या मैदानावर कसे लागू पडतात, ते पाहू.

रडार गन काय मोजते?

पूर्वी स्काउट चेंडूचा वेग नजरेनेच अजमावत. १९७४ च्या सुमारास मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांना मोटारींचा वेग मोजणारे पोलिसांचे रडार पाहून एक कल्पना सुचली : याच साधनाने चेंडूचा वेग का मोजू नये? त्यातूनच बेसबॉलची रडार गन प्रचारात आली.

या साधनाचे तत्त्व म्हणजे डॉप्लर परिणाम. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी अधिक उंच स्वरात ऐकू येते, हे तुम्ही अनुभवले असेलच. त्याचप्रमाणे जवळ येणाऱ्या चेंडूवरून परावर्तित झालेल्या रेडिओ लहरींची वारंवारता वाढलेली असते. समजा, गनमधून २४ अब्ज हर्ट्झ वारंवारतेच्या लहरी निघतात आणि चेंडूचा वेग सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर आहे. वारंवारतेतील वाढ = २ × चेंडूचा वेग × मूळ वारंवारता ÷ प्रकाशाचा वेग. हे गणित केल्यास उत्तर ६,४०० हर्ट्झ येते. मूळ वारंवारतेच्या मानाने ही वाढ नगण्य दिसते, पण इलेक्ट्रॉनिक मंडल ती अचूक टिपते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली, गन फक्त आपल्या दिशेने येणारा वेगाचा घटक मोजते. स्काउट चेंडूच्या मार्गाशी २० अंशांचा कोन करून बसला, तर को-साइन २० = ०.९४ असल्याने १४४ ऐवजी सुमारे १३५ हा आकडा दिसेल. दुसरी, हवेच्या रोधामुळे फलंदाजापर्यंत पोहोचताना चेंडूचा वेग सुमारे ८ टक्क्यांनी घटतो. म्हणजे हातातून सुटताना १४४ असलेला वेग शेवटी १३२ च्या आसपास येतो. तेव्हा दोन मुलांच्या आकड्यांची तुलना करण्यापूर्वी 'कोठून मोजला आणि कोणत्या क्षणी मोजला?' हे विचारलेच पाहिजे.

वेगापलीकडे

पिचरच्या फळीपासून फलंदाजाजवळच्या 'होम प्लेट'पर्यंतचे अंतर १८.४४ मीटर असते. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, म्हणून चेंडूचा प्रत्यक्ष प्रवास १६.८ मीटरच्या आसपास होतो. त्याला सुमारे ०.४४ सेकंद लागतात. एवढ्या वेळात केवळ गुरुत्वाकर्षणाने चेंडू ½gt² या सूत्रानुसार जवळजवळ ९५ सेंटिमीटर खाली यावा. परंतु चेंडूला उलटी फिरकी दिलेली असेल, तर मॅग्नस परिणामामुळे त्यावर वरच्या दिशेने बल कार्य करते व तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो. सुलटी फिरकी असेल, तर तो अधिकच झपकन खाली जातो. फलंदाज फसतो तो या फरकामुळे. म्हणूनच स्काउट वेगाबरोबर फिरकी, नेम आणि फेकीची लकब यांचीही नोंद करतो.

या नोंदींसाठी २० ते ८० अशी गुणश्रेणी वापरतात. त्यात ५० म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक पातळीवरील सरासरी आणि दर १० गुण म्हणजे साधारण एक प्रमाण विचलन. प्रत्येक गुणाला दोन आकडे देतात : एक आजचा, दुसरा पुढे अपेक्षित असलेला. पहिला आकडा निरीक्षणाचा, दुसरा अंदाजाचा. या दोहोंची गल्लत झाली की पारख फसते.

आकड्यामागचा हात

१९७३ मध्ये डेव्हिड क्लाइड या शाळकरी पिचरची देशात सर्वप्रथम निवड झाली. त्याच महिन्यात, २७ जून रोजी, टेक्सास रेंजर्स संघाने अठरा वर्षांच्या या मुलाला थेट सर्वोच्च पातळीवर उतरवले. पुढे खांद्याच्या दुखण्याने तो बेजार झाला. १९७९ नंतर तो त्या पातळीवर खेळलाच नाही. त्याच्या नावावर १८ विजय आणि ३३ पराभव राहिले. उलट, १९८४ च्या निवडीत ग्रेग मॅडक्स या चणीने लहान मुलाची निवड दुसऱ्या फेरीत झाली. अतिवेग नव्हे, तर अचूक नेम हे त्याचे बळ होते. त्याने ३५५ विजय मिळवले.

फेकताना प्रौढ पिचरचा हात खांद्यात सेकंदाला सुमारे ७,००० अंश, म्हणजे जवळजवळ १९ फेरे, इतक्या गतीने फिरतो. या वेळी कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर जबर ताण पडतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरचा तुटलेला अस्थिबंध शस्त्रक्रियेने नव्याने बसवला. ती शस्त्रक्रिया आज त्याच पिचरच्या नावाने ओळखली जाते. वाढत्या वयातील मुलांवरही ती करावी लागते, ही चिंतेची बाब आहे. म्हणून सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने एका दिवसात १०५ हून अधिक फेकी करू नयेत, अशी मार्गदर्शक मर्यादा तेथे सुचवली आहे.

समोर रडार गन रोखलेली दिसली, की मुलगा सारा जोर लावतो. आकडा वाढतो, पण त्याची किंमत कोपर मोजते आणि गनवर ती दिसत नाही. चांगला स्काउट म्हणूनच आकडा टिपून थांबत नाही. पन्नासाव्या फेकीनंतर मुलाची लकब बदलते का, हेही तो पाहतो. मोजता येते ते जरूर मोजावे. परंतु जे मोजले नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानू नये.

तुम्ही करून पाहा

१. चेंडूच्या मार्गाशी २५ अंशांचा कोन करणाऱ्या गनने ताशी १३० किलोमीटर वेग दाखवला. खरा वेग किती? (को-साइन २५ = ०.९०६)

२. मित्राला ठरावीक अंतरावर दहा वेळा चेंडू सहज फेकायला सांगा. प्रत्येक वेळी स्टॉपवॉचने वेळ मोजून सरासरी व प्रमाण विचलन काढा. एकाच वाचनावरून तुम्ही निष्कर्ष काढला असता, तर किती चुकला असता?