फॉर्म, रकाना आणि नोंद : आज्ञावली शिकणाऱ्यांचे काही पहिले प्रश्न

पैसे भरण्याची स्लिप आपण सर्वांनीच असंख्य वेळा भरली असेल. तारीख, खाते क्रमांक, नाव, रक्कम अंकी आणि रक्कम अक्षरी. एवढ्याशा कागदामागे किती विचार असतो, हे स्वतः एखादा फॉर्म तयार करावयास बसल्याखेरीज ध्यानात येत नाही.

आमच्या शाखेत खाते असलेल्या एका महिला बचत गटाच्या अध्यक्षाबाईंची कन्या वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. गटाची मासिक वर्गणी आणि अंतर्गत कर्जाची परतफेड संगणकावर नोंदविता यावी, म्हणून तिने हौसेने एक छोटी आज्ञावली लिहिली. काही दिवसांनी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, फॉर्म दिसतो छान, पण नोंदी चुकतात. मी शिकले ते चुकीचे का?" तिने विचारलेले प्रश्न आज्ञावली लिहू लागणाऱ्या प्रत्येकाला पडतात. त्यांतील बहुतेकांची उत्तरे बँकेच्या काउंटरवर फार पूर्वीच सापडलेली आहेत, असे मला तिच्याशी बोलताना जाणवले. म्हणून हा लेखप्रपंच.

एक चूक, माझीच

उत्तरे देण्यापूर्वी मी तिला माझी एक चूक सांगितली. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका कार्यालयासाठी अनुदानपात्र व्यक्तींची यादी एक्सेलमध्ये तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. नावे व खाते क्रमांक मी काळजीपूर्वक टंकित केले. परंतु काही खाते क्रमांकांच्या आरंभी शून्य होते आणि एक्सेलने ती शून्ये निमूटपणे गाळून टाकली. संगणकाच्या दृष्टीने ००४५१ आणि ४५१ ही एकच संख्या. बँकेच्या दृष्टीने मात्र ००४५१ हे एका माणसाचे खाते, आणि ४५१ हे कोणाचेच नाही. त्या रकमा परत आल्या. यादीतील एक वृद्ध विधवा बाई त्या महिन्यात तीन वेळा एस. टी. ने शाखेत येऊन गेल्या. तिसऱ्या खेपेस त्यांनी मलाच विचारले, "ताई, माझं नाव कमी केलं का हो?" त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

संख्या दिसते ते सर्वच संख्या नसते

नवशिक्यांचा पहिला प्रश्न असतो, रकान्याचा प्रकार कोणता ठेवावा? संगणकाला प्रत्येक रकान्याविषयी आधी सांगावे लागते की येथे संख्या येणार, मजकूर येणार की तारीख. खाते क्रमांक अंकांत लिहितात, म्हणून तो संख्या आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते. दोन नोंदींची बेरीज केली तर त्या बेरजेला काही अर्थ उरतो का? दोन सभासदांच्या वर्गणीची बेरीज अर्थपूर्ण आहे. दोन मोबाइल क्रमांकांची किंवा दोन खाते क्रमांकांची बेरीज निरर्थक आहे. बेरीज निरर्थक असेल तर तो रकाना मजकुराचाच ठेवावा.

या चुकीचे आणखी एक रूप आहे. एक्सेल एका संख्येतील केवळ पंधरा अंक अचूक जपते. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून भरला, तर त्याचा अखेरचा अंक शून्य होऊन बसतो आणि कोणतीही सूचना मिळत नाही. भरण्यापूर्वीच तो रकाना 'टेक्स्ट' प्रकारचा करून ठेवणे हाच उपाय. शून्य झालेला अंक नंतर प्रकार बदलून परत मिळत नाही.

रुपये आणि पैसे

तिचा दुसरा प्रश्न असा की, बेरजेत मध्येच एखाद्या पैशाचा फरक का पडतो? संगणक संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे शून्य व एक या दोनच अंकांनी लिहितो. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश पूर्णपणे लिहिता येत नाही, ०.३३३ असे लिहीतच जावे लागते. त्याचप्रमाणे एक दशांश ही राशी द्विमान पद्धतीत पूर्णपणे लिहिता येत नाही. त्यामुळे अनेक संगणकीय भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. विज्ञानातील मोजमापांत हे चालते, हिशेबाच्या वहीत चालत नाही.

यावर दोन उपाय आहेत. रक्कम पैशांत, म्हणजे पूर्णांकात साठवावी आणि दाखविताना शंभराने भागावे. किंवा डेटाबेसमध्ये 'डेसिमल' हा प्रकार वापरावा, जो दशांश स्थळे तंतोतंत राखतो.

मात्र एक प्रश्न कोणताच प्रकार सोडवू शकत नाही. समजा, गटाला मिळालेले १,००० रुपये व्याज १२ सभासदांत समान वाटावयाचे आहे. प्रत्येकीस ८३ रुपये ३३ पैसे दिले तर एकूण ९९९ रुपये ९६ पैसे होतात. उरलेले ४ पैसे कोणाचे? ते गटाच्या निधीत जावेत की एखाद्या सभासदाच्या खाती, हे बैठकीत ठरवावे लागते आणि मगच आज्ञावलीत लिहावे लागते. नियम ठरविला नाही तर संगणक आपल्या परीने काहीतरी करतो आणि ताळेबंद जुळत नाही.

तारीख, रिकामी जागा आणि शून्य

०४/०५/२०२४ ही तारीख आपल्याकडे ४ मे, तर अमेरिकेत ५ एप्रिल. परदेशी मांडणी असलेल्या संगणकावर हा घोळ हमखास होतो. तारीख मजकूर म्हणून न साठविता 'डेट' या प्रकारात साठवावी. ती मजकुरात लिहिणे अपरिहार्यच असेल, तर आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने २०२४-०५-०४ अशी लिहावी. अशा तारखा अक्षरानुक्रमे लावल्या तरी कालानुक्रमेच लागतात.

रिकामा रकाना हा त्याहून सूक्ष्म विषय आहे. एका महिन्यात बारापैकी दहा सभासदांनी प्रत्येकी २०० रुपये भरले आणि दोघींची नोंद अद्याप व्हावयाची आहे. त्या दोघींच्या रकान्यात शून्य लिहिले तर सरासरी वर्गणी १६६ रुपये ६७ पैसे निघते. रकाना रिकामा ठेवला तर डेटाबेस त्या दोन नोंदी वगळून सरासरी २०० रुपये सांगतो. 'भरले नाहीत' आणि 'अजून ठाऊक नाही' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डेटाबेसच्या भाषेत दुसरीला 'नल' म्हणतात. थकबाकीदारांच्या यादीत एखाद्या बाईचे नाव विनाकारण लागणे किंवा न लागणे या फरकावर अवलंबून असते.

नाव किती अक्षरांचे?

तिने नावासाठी २० अक्षरांची मर्यादा घातली होती आणि आडनाव सक्तीचे केले होते. आपली बँक देशभर पसरलेली आहे. तमिळनाडूत आपल्यासारखे आडनाव न लावता नावापूर्वी केवळ आद्याक्षर लिहिणारे खातेदार विपुल आहेत. सक्तीच्या रकान्यामुळे ते काहीतरी भरतात, आणि मग आधार, पॅन व पासबुक यांवरील नावे एकमेकांशी जुळत नाहीत.

देवनागरीची आणखी एक गंमत. 'क्षितिज' हे नाव आपण तीन अक्षरी म्हणतो. युनिकोडमध्ये मात्र क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी आणि ज अशी त्याची सात चिन्हे होतात, आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने साठविताना त्याला २१ बाइट लागतात. म्हणून मर्यादा सैल ठेवावी आणि ती अक्षरांची आहे की बाइटची, हे आधी तपासून घ्यावे.

तपासणी दोनदा का?

"ब्राउझरमध्येच तपासणी केली, मग सर्व्हरवर पुन्हा कशाला?" हा तिचा पुढचा प्रश्न. बँकेत एक कर्मचारी नोंद करतो आणि दुसरा ती पडताळून मंजूर करतो. यात पहिल्यावर अविश्वास नसतो, पण दुसऱ्या नजरेशिवाय पैसा हलत नाही. ब्राउझरमधील तपासणी ही फॉर्म भरणाऱ्याची सोय आहे, त्याला चूक तत्काळ कळते. परंतु जाणकार मनुष्य ती तपासणी टाळून थेट सर्व्हरकडे माहिती पाठवू शकतो. खरे संरक्षण सर्व्हरवरील तपासणीचेच असते.

काय तपासावे? आयएफएससी संकेतांक ११ चिन्हांचा असतो, पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह नेहमी शून्य आणि शेवटची सहा शाखेची. त्या शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' टंकित करणारे ग्राहक आम्हांला रोज भेटतात. पॅन दहा चिन्हांचा असतो, पाच अक्षरे, चार अंक आणि शेवटी एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमधील चौथे अक्षर इंग्रजी 'पी' असते.

कार्ड क्रमांकातील शेवटचा अंक तर तपासणीसाठीच असतो. हान्स पीटर लून यांनी शोधलेल्या या पद्धतीस १९६० मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. समजा मूळ क्रमांक १२३४ आहे. उजवीकडून एकाआड एक अंकाची दुप्पट करावयाची, आणि दुप्पट दोन अंकी आली तर त्या दोन अंकांची बेरीज घ्यावयाची. येथे ४ चे ८, ३ तसाच, २ चे ४ आणि १ तसाच. बेरीज १६. पुढील दशक २० गाठण्यास ४ हवेत, म्हणून पूर्ण क्रमांक १२३४४. आता कोणी घाईत १२४३४ लिहिले तर एकूण बेरीज १९ येते, तिला दहाने भाग जात नाही आणि चूक पकडली जाते. कोणताही एक अंक चुकला तर तो या पद्धतीने सापडतोच. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही सापडते, अपवाद फक्त ० आणि ९ या जोडीचा. आमच्या या विद्यार्थिनीने गटाच्या सभासद क्रमांकांना आता असाच अंक जोडला आहे.

तरीही एक मर्यादा विसरू नये. क्रमांक रचनेने बरोबर असला तरी तो दुसऱ्याच कोणाचा असू शकतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार २०२५ पासून आरटीजीएस व एनईएफटी करण्यापूर्वी लाभार्थीचे नाव पाहण्याची सोय ग्राहकांना मिळाली आहे. ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक गोष्ट एकाच ठिकाणी

तिच्या तक्त्यात सभासदाचे नाव व पत्ता प्रत्येक हप्त्यासोबत पुन्हा लिहिलेला होता. एकीचा पत्ता बदलला आणि चोवीस ओळी दुरुस्त कराव्या लागल्या. त्यांतील तीन राहून गेल्या. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधारित डेटाबेसच्या कल्पनेत यावर उत्तर आहे. सभासदांचा तक्ता वेगळा, हप्त्यांचा वेगळा, आणि दोहोंना जोडणारा सभासद क्रमांक.

याचे बँकेतील उदाहरण ताजे आहे. खात्याच्या नोंदीतच वारसनामांकनासाठी एक रकाना ठेवणे पूर्वी पुरेसे वाटले असते. परंतु १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीदारास चार व्यक्तींपर्यंत नामांकन करता येते. नामांकनाचा तक्ता स्वतंत्र असेल तर तेथे केवळ ओळी वाढतात, मूळ रचना मोडावी लागत नाही.

'सबमिट' बटण दोनदा दाबल्याने एकच हप्ता दोनदा नोंदला जातो, ही तक्रारही येथेच मिटते. प्रत्येक पावतीला एकमेव क्रमांक द्यावा आणि तो दुसऱ्यांदा आल्यास डेटाबेसनेच नाकारावा, अशी अट घालावी.

अवतरणचिन्हाचा धोका

वसई किंवा गोव्यातील डिसूझा आडनाव रोमन लिपीत लिहिताना 'डी' नंतर एक एकेरी चिन्ह येते. तेच चिन्ह एसक्यूएल भाषेत मजकुराचा शेवट दर्शविते. फॉर्ममध्ये आलेला मजकूर जसाच्या तसा आज्ञेत चिकटविला तर हे निरुपद्रवी आडनावही आज्ञावली बंद पाडते. दुष्ट हेतूने लिहिलेला मजकूर तर संपूर्ण तक्ता वाचू वा पुसू शकतो. म्हणून आज्ञा आणि माहिती डेटाबेसकडे नेहमी वेगवेगळी पाठवावी. प्रत्येक प्रचलित भाषेत त्याची सोय आहे. फॉर्म 'पोस्ट' पद्धतीने पाठवावा, कारण 'गेट' पद्धतीत भरलेली माहिती ब्राउझरच्या पत्त्यात उघडी दिसते. आणि ज्या माहितीचा उपयोग नाही ती मुळी विचारूच नये. बचत गटाला सभासदाच्या आधार क्रमांकाची गरज नसेल, तर तो रकानाच नको.

वापरण्यापूर्वी

फॉर्म तयार झाला की तो बरोबर माहिती भरून तपासू नका, चुकीची भरून तपासा. आरंभी शून्य असलेला क्रमांक द्या, ३१ जून ही तारीख लिहा, रक्कम रिकामी सोडा, नाव देवनागरीत भरा, बटण दोनदा दाबा. चूक सापडली तर 'अवैध नोंद' एवढेच न म्हणता 'आयएफएससीचे पाचवे चिन्ह शून्य हवे' असे स्पष्ट सांगा, म्हणजे समोरच्याला ती सुधारता येईल.

बचत गटाच्या बैठकीत आता हिशेब वाचून दाखविला जातो तेव्हा वही आणि संगणक दोन्ही उघडे असतात, आणि दोहोंतील आकडे जुळतात. त्या वृद्ध बाईंची रक्कम पुढील महिन्यात जमा झाली, आणि त्यांचे नाव यादीतून कधीच कमी झालेले नव्हते. कमी झाली होती ती आरंभीची दोन शून्ये.