रणगाड्याची प्रतिकृति

सन १९४५ मध्यें ब्रह्मदेशांत मेइक्टिला येथें भारतीय सैन्यानें शर्मन जातीचे रणगाडे लढविले. त्या जातीच्या गाड्याची प्लॅस्टिकची प्रतिकृति आम्ही जुळविली. प्रमाण १:१६, म्हणून मूळची सुमारें ६ मीटर लांबी साडेसदतीस सेंटीमीटर झाली. परंतु लांबी, रुंदी व उंची ह्या प्रत्येकीचा सोळावा हिस्सा घेतल्यास घनफळाचा ४०९६ वा हिस्साच उरतो. ३० टनांचा गाडा असा पोलादाचाच घडविला, तरी तो सव्वासात किलोंच्या जवळपासच भरेल.

भाग आधीं न चिकटवितां जुळवून पाहावे, कडा कानशीनें घासाव्या व मगच द्रावक लावावें. तें प्लॅस्टिक विरघळवून सांधा एकजीव करितें, आणि चुकलेला सांधा मग सुटत नाहीं.

बुरूज बसवितांना प्रमाणाचा खरा अर्थ आम्हांस कळला. एवढ्याशा जागेंत तिघे व पुढें दोघे, असे ५ जण कोंडून लढले. त्यांचें धैर्य कोणत्याहि प्रमाणांत लहान होत नाहीं.