तेलाच्या पिंपांतून निघालेलें संगीत

आमच्या वर्गांत एक मुलगा असा आहे कीं, त्याचीं बोटें बाकावर क्षणभरही स्वस्थ राहत नाहींत. व्याकरण चालू असो वा इतिहास, त्याचा ठेका चालूच! त्यास मीं कितीदां उभें केलें असेल याची गणती नाहीं. गेल्या सत्रांत एकदां तास संपल्यावर त्यानेंच मला विचारिलें, "सर, नुसतें वाजविल्यानें कोणाचें काय बिघडतें?" त्या वेळीं मीं त्यास गप्प बसविलें. उत्तर देणें माझ्या अंगावर राहिलें होतें. तें येथें देत आहें. तें जरा दूरच्या मुलुखांतून येतें, तरी वाचकांनीं धीर धरावा.

लंडन शहराच्या पश्चिम भागांत नॉटिंग हिल नांवाची वस्ती आहे. ऑगस्ट महिन्यांतील शेवटच्या सोमवारीं व त्याच्या आदल्या दिवशीं या वस्तीचे रस्ते माणसांनीं इतके भरून जातात कीं, दोन दिवसांची गर्दी दहा लाखांच्या वर जाते. पिसांचे व चमकीचे प्रचंड पोशाख केलेलीं पथकें नाचत पुढें सरकतात; त्यांच्यामागून वाद्यवृंद येतात. हाच नॉटिंग हिलचा कार्निव्हल. वेस्ट इंडीज बेटांतून इंग्लंडांत येऊन राहिलेल्या कृष्णवर्णीय लोकांनीं तो उभा केला. त्यांतील जें मूळ वाद्य, त्याचें नांव 'स्टीलपॅन'. हें वाद्य म्हणजे खनिज तेलाचें रिकामें पिंप होय! गाणाऱ्यांच्या हातीं पिंप कसें आलें, तें प्रथम पाहूं.

नकाशांत दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याशीं, व्हेनेझुएलाच्या अगदीं जवळ, त्रिनिदाद हें बेट सांपडेल. तेथील उंसाच्या मळ्यांत आफ्रिकेंतून पकडून आणिलेले गुलाम राबत. चाळीस दिवसांच्या उपवासकाळापूर्वीं खाण्यापिण्याचा व सोंगांचा सण करण्याची चाल फ्रेंच मळेवाल्यांनीं तेथें नेली. गोव्यांतील वाचकांस तोच सण 'इंत्रूज' या नांवानें परिचित आहे. मळेवाल्यांच्या दिवाणखान्यांतील नाचांत गुलामांस अर्थातच स्थान नव्हतें. १ ऑगस्ट १८३८ रोजीं ते पूर्णपणें मुक्त झाले आणि त्यांनीं हा सण रस्त्यावर आणिला. हातांत मशाली, पुढें ढोल. सरकारास हें रुचलें नाहीं. १८८१ मध्यें राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथें पोलीस व मिरवणुकीचे लोक यांची मोठी झटापट झाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत कायद्यानें ढोल वाजविण्यास बंदी करण्यांत आली. वाजविल्यानें कोणाचें काय बिघडतें, या प्रश्नाचें सरकारी उत्तर हें असें होतें. ज्यास मालमत्ता नाहीं, मत नाहीं, असा मनुष्य ढोल वाजवून 'मी येथें आहें' एवढें सांगूं लागला कीं कोणाचें तरी बिघडतें.

याच इतिहासांत एक गोष्ट आपल्या देशाची आहे. गुलामगिरी गेल्यावर मळ्यांस मजूर हवे होते; म्हणून १८४५ पासून १९१७ पर्यंत करारानें बांधलेले सुमारें एक लक्ष चव्वेचाळीस हजार हिंदी मजूर त्रिनिदादला नेण्यांत आले. त्यांतील पुष्कळसे गंगेच्या खोऱ्यांतील होते. ते मोहरमांत ताबूत काढीत, ताशे वाजवीत, आणि त्या मिरवणुकींत हिंदु व मुसलमान दोघेही असत. ३० ऑक्टोबर १८८४ रोजीं सॅन फर्नांडो शहराकडे निघालेल्या ताबुतांनीं सरकारी मनाई मोडली, म्हणून त्यांवर गोळ्या झाडण्यांत आल्या व अनेक माणसें ठार झालीं. ढोल आणि ताशा या दोहोंवर एकाच राजवटीनें, एकाच दशकांत हात टाकिला. आणि मीं मात्र इतकीं वर्षें इतिहास शिकवूनही हें कधीं वर्गांत सांगितलें नव्हतें.

ढोल गेला, ठेका बोटांत राहिला. लोकांनीं वेळूच्या लहानमोठ्या नळ्या कापल्या आणि त्या जमिनीवर आपटून व काठीनें वाजवून ढोलाचें काम भागविलें. पण वेळू लवकर फुटतो. १९३० नंतरच्या दशकांत तरुणांनीं बिस्किटांचे व रंगाचे रिकामे डबे हाताशीं धरिले. डबा ठोकून ठोकून चेपतो आणि चेपलेल्या जागीं निराळा सूर निघतो, ही गोष्ट प्रथम कोणाच्या ध्यानांत आली याविषयीं वाद आहे. विन्स्टन 'स्प्री' सायमन व एली मॅनेट हीं नांवें विशेष घेतलीं जातात. दुसऱ्या महायुद्धांत त्या बेटावर अमेरिकन आरमाराचा तळ होता व तेलाचीं रिकामीं पिंपें सहज मिळूं लागलीं. १९४६ च्या सुमारास मॅनेट यांनीं पंचावन्न गॅलनच्या पिंपाचें वाद्य केलें, असें सांगतात.

हें वाद्य करण्याची रीति पाहण्यासारखी आहे. पिंप पालथें घालून त्याचें बूड जड हातोड्यानें आंत दाबीत नेतात, तों तें कढईसारखें खोल होतें. मग त्यावर सुरांच्या जागा आंखून, बोथट छिन्नीनें त्यांच्या कडा ठोकून एक सूर दुसऱ्यापासून वेगळा करितात. पिंपाची बाजू हवी तेवढी ठेवून बाकीची कापून टाकितात. उंच सुरांच्या पॅनची बाजू आंखूड, खर्जाचें पिंप मात्र जवळजवळ सबंध. नंतर तें विस्तवावर तापवितात आणि शेवटीं लहान हातोडीनें एकेक जागा सुरांत आणितात. पुण्याच्या तांबट आळींतील मठारकाम ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ठोक्यांनीं पत्रा कसा ताठ होतो हें ठाऊक असेल. येथें ठोक्यांनींच तो गाऊं लागतो. मोठ्या जागा कडेला, त्या खालच्या सुरांच्या. लहान जागा मध्यें, त्या वरच्या. काड्यांच्या टोकांस रबर असतें. उंच सुरांच्या एका पॅनवर अठ्ठावीस-एकोणतीस सूर बसतात, खर्जाच्या पिंपावर तीन-चारच. म्हणून खर्ज वाजविणारा एकटा मनुष्य सहा किंवा नऊ पिंपांच्या मध्यें उभा राहतो. मुलांनीं घरीं रिकाम्या डब्याच्या बुडावर कडेला व मध्यभागीं टिचकी मारून फरक ऐकावा. पालकांनीं थोडा वेळ सोसावें.

पालकांचा विषय निघालाच आहे, तर सांगतों कीं, त्रिनिदादच्या प्रतिष्ठित कुटुंबांतही हें वाद्य उनाडांचें समजत. पथकांपथकांत मारामाऱ्या होत, हें खोटें नव्हे. परंतु १९५१ मध्यें लंडनला 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' हा मोठा उत्सव भरला, तेव्हां याच उनाडांतून निवडलेलें एक पथक बेटानें तिकडे धाडलें. लेफ्टनंट जोसेफ ग्रिफिथ हे त्याचे नायक. त्यांनीं वादकांकडून कसून तयारी करून घेतली, आणि थेम्सच्या कांठीं पिंपांचें संगीत ऐकून लंडनकर थक्क झाले. पथक परत गेलें. स्टर्लिंग बेटनकोर्ट हा तरुण वादक मात्र लंडनांतच राहिला. त्याची गांठ पुढें पडेल.

बेटांवरचे लोक लंडनला येऊं लागले होतेच. २२ जून १९४८ रोजीं 'एम्पायर विंडरश' ही बोट टिल्बरी बंदरांत आठशेहून अधिक वेस्ट इंडियन प्रवासी घेऊन उतरली. युद्धानें खिळखिळ्या झालेल्या इंग्लंडास आगगाड्या, बसगाड्या, रुग्णालयें चालविण्यास माणसें हवीं होतीं. (त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वेस्ट इंडीजचा एव्हर्टन वीक्स मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर १९४ धांवा काढीत होता, क्रिकेटवेड्या आजोबांस हें विचारावें.) माणसें हवीं होतीं, शेजारी मात्र नको होते. कृष्णवर्णीयांस भाड्यानें खोली मिळणें दुर्घट झालें. १९५८ च्या ऑगस्टअखेर नॉटिंग हिलमध्यें गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनीं कित्येक रात्री त्यांच्या घरांवर हल्ले केले.

या वेळीं क्लॉडिया जोन्स नांवाच्या एक बाई पुढें आल्या. जन्म १९१५ चा, पोर्ट ऑफ स्पेनचा. बालपण न्यू यॉर्कच्या गरीब वस्तींत गेलें, क्षयानें शरीर पोखरलेलें. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेनें त्यांस तुरुंगांत टाकिलें व पुढें देशाबाहेर घालविलें. त्यांचीं मतें कोणास पटोत वा न पटोत, त्यांचें पुढचें कृत्य मला विलक्षण वाटतें. लंडनांत त्या वेस्ट इंडियन लोकांचें एक वृत्तपत्र चालवीत होत्या. दंग्यानंतर लोक भयभीत असतां या बाईंनीं कार्निव्हल करावयाचें ठरविलें! थंडीचे दिवस, म्हणून ३० जानेवारी १९५९ रोजीं सेंट पँक्रस टाउन हॉलच्या छपराखालीं तो झाला व बीबीसीनें तो दूरचित्रवाणीवर दाखविला. त्या वेळच्या स्मरणिकेच्या विक्रींतील कांहीं भाग दंग्यांत सांपडलेल्या तरुणांचे दंड भरण्यासाठीं होता. आणि त्या तरुणांत काळ्यांबरोबर गोरेही धरले होते. हें वाचून मीं पुस्तक खालीं ठेविलें.

हल्ले त्यामुळें थांबले नाहींत. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत केल्सो कॉकरेन या अँटिग्वा बेटाच्या सुताराचा त्या भागांत भोसकून खून झाला. त्यांच्या अंत्ययात्रेस हजाराहून अधिक माणसें लोटलीं, परंतु खुनी कधींच शिक्षा पावला नाहीं. जोन्सबाई प्रतिवर्षीं कार्निव्हल करीत राहिल्या. १९६४ च्या नाताळांत त्या वारल्या.

१९६६ मध्यें रोन लॅस्लेट या समाजसेविकेनें नॉटिंग हिलमधील सर्व जातींच्या मुलांसाठीं रस्त्यावर एक जत्रा भरविली. रसेल हेंडरसन यांचें पॅनपथक वाजविण्यास बोलाविलें होतें, आणि त्यांत आपले बेटनकोर्ट होते. पॅन गळ्यांत अडकवून हे लोक जागेवरून उठले व रस्त्यानें चालूं लागले. मुलें मागें, मुलांमागें आया, खिडक्यांतून डोकावणारे वेस्ट इंडियन खालीं उतरले. कार्निव्हलची जननी जोन्सबाई कीं लॅस्लेटबाई, असा वाद तिकडे घालतात. मला तो निष्फळ वाटतो. एकीनें दाराआड दिवा जपला, दुसरीनें दार उघडलें.

पुढें सोहळा वाढला. १९७६ मध्यें पोलिसांशीं मोठी दंगल झाली, बंद करण्याची मागणी झाली, तरी तो टिकला. २०२० व २०२१ सालीं साथीमुळें रस्ते रिकामे होते. आतां लंडनच्या कित्येक शाळांत पॅन शिकवितात, आणि संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ मध्यें ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरविला. १४ जून २०१७ रोजीं याच भागांतील ग्रेनफेल टॉवर ही उंच इमारत जळून ७२ माणसें मृत्यु पावलीं. तेव्हांपासून कार्निव्हलमध्यें त्यांचें स्मरण होतें. दुपारीं तीन वाजतां सर्व पिंपें, सर्व कर्णे बंद होतात. लाखों माणसें ७२ सेकंद निःशब्द उभीं राहतात. मग कोणी तरी काडी उचलतो.