पूरक रंग

तांबडा, पिवळा व निळा हे चित्रकलेतील मूळ रंग. यांपैकी कोणतेही दोन मिसळले की तयार होणारा रंग हा उरलेल्या तिसऱ्याचा पूरक. म्हणून तांबड्याला हिरवा, पिवळ्याला जांभळा व निळ्याला नारिंगी. शेजारी ठेवले तर हे रंग एकमेकांना उठाव देतात. माळेगावच्या यात्रेत जांभळ्या लुगड्यावर पडलेला भंडारा अधिकच पिवळाधमक दिसतो, तो यामुळेच.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल हे पॅरिसच्या गोबेलाँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. निळ्याशेजारी काळा धागा फिका दिसतो, अशी तेथे तक्रार आली. दोष रंगाचा नसून शेजाऱ्याचा आहे, हे त्यांनी शोधले व १८३९ साली ग्रंथरूपाने मांडले.

परंतु हेच रंग कालवले तर तिन्ही मूळ रंग एकत्र येऊन मातकटपणा येतो. दिवाळीच्या सुटीत मी मिरचीचे शेत रंगवीत होतो. ओल्या हिरव्यावरच तांबडा फिरविला आणि चित्र बिघडले. आई गोधडी शिवीत होती. ती शाळेत कधी गेली नाही. चित्र पाहून म्हणाली, "कालवू नको रं, शेजारी ठिव." तिच्या गोधडीत हिरव्या पातळाच्या मधोमध एकच लहान तांबडे ठिगळ होते, नजर तेथेच जात होती. एक रंग पुष्कळ, दुसरा थोडा, हेही मला तेव्हाच कळले.

वसतिगृहात लाजेने मी आईची जुनी गोधडी पेटीत ठेवीत असे. आता ती कॉटवर अंथरतो.