तरुण रुग्ण अतिदक्षता विभागात का दिसू लागले?

करोनाच्या दुसऱ्या लाटेचा विषय निघाला की एक प्रश्न मला आजही विचारला जातो. 2020 साली हा आजार म्हाताऱ्यांचा म्हणून ओळखला जात होता, मग 2021 च्या एप्रिल-मेमध्ये तिशी-चाळिशीची धडधाकट माणसे आयसीयूत कशी गेली? विषाणूने तरुणांनाच हेरले होते काय?

प्रथम आकडा पाहू. एप्रिल 2021 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दोन्ही लाटांची तुलना जाहीर केली. दोन्ही वेळा सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण चाळिशीच्या पुढचेच होते. तरुणांचे प्रमाण वाढले होते, पण किंचित. मृत्यूचा धोकाही वय वाढेल तसा वाढतो, हा नियम काही बदललेला नव्हता. मग आपल्या डोळ्यांना जे दिसले ते खोटे होते का? मुळीच नाही. त्यात गणिताचा भाग मोठा आहे.

समजा, पहिल्या लाटेत एका तालुक्यात एक हजार तरुण आजारी पडले आणि शंभरात एकाला आयसीयू लागले. झाले दहा. दुसऱ्या लाटेत तीन हजार आजारी पडले, प्रमाण तेच, तरी झाले तीस. गावाला प्रमाण दिसत नाही, तीस माणसे दिसतात. आपल्या तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याने हा अनुभव आणखी एका प्रकारे घेतला. मे 2021 मध्ये जिल्ह्यात आठ हजारांवर मुले बाधित झाल्याची बातमी देशभर गाजली आणि मुलांची तिसरी लाट आली म्हणून आईबापांचे धाबे दणाणले. वास्तविक त्या महिन्यात एकूण रुग्णच इतके होते की, मुलांचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास भरत होता. बहुतेकांना लक्षणे सौम्य होती किंवा नव्हतीच. बातमीत छेद छापायचा राहिला की अंश भयंकर दिसतो!

तरी सगळेच गणितावर ढकलून चालणार नाही. संसर्ग आधी कोणाला गाठतो, तर घराबाहेर पडणाऱ्याला. जानेवारी 2021 मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, मागोमाग लग्नसराई आली. सुप्याच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा, कांदा घेऊन नेप्तीच्या मार्केटला जाणारा, प्रचाराच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसणारा माणूस तरुणच असतो. त्यात डेल्टा हा नवा अवतार आला. तो आधीच्या विषाणूपेक्षा कितीतरी वेगाने पसरे. इंग्लंड व स्कॉटलंडमधील 2021 च्या अभ्यासांत, त्याआधीच्या अल्फाच्या तुलनेत डेल्टाच्या रुग्णांना इस्पितळात दाखल करावे लागण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला.

लसीचे कारणही सांगितले जाते. 1 मार्च 2021 पासून साठीच्या पुढच्यांना, 1 एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढच्या सर्वांना लस खुली झाली. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचा नंबर 1 मे रोजी लागला आणि तुटवड्यामुळे राज्यात तो लगेच थांबवावाही लागला. तराजूचे एक पारडे हलके झाले की दुसरे खाली जाणारच. पण लाट चढत होती तेव्हा पुष्कळ वृद्धांचेही दोन डोस झालेले नव्हते, म्हणून या कारणाला मी फार वरचा क्रमांक देत नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते उशिराचे कारण. या आजारात रक्तातला ऑक्सिजन उतरला तरी अनेकांना दम लागल्याचे जाणवत नाही. तरुणाचे हृदय आणि फुप्फुस काही काळ ती तूट भरून काढते. तो फोनवर बोलतो, चहा पितो, मोटारसायकल चालवत स्वतः दवाखान्यात येतो आणि बोटाला ऑक्सिमीटर लावल्यावर काट्यावर ऐंशी दिसते. तोवर फुप्फुसाला बरीच सूज आलेली असते. म्हणून सहा मिनिटे चालण्याची चाचणी सांगितली जात होती. घरात सपाट जमिनीवर सहा मिनिटे चालावे. ऑक्सिजन 94 च्या खाली आला, किंवा आधीपेक्षा तीन-चार अंकांनी उतरला, तर घरी थांबू नये. त्या काळात पारावर सीटी स्कॅनच्या स्कोअरची चर्चा रंगे. तो स्कोअर काढायला धावण्यापेक्षा ही फुकटची चाचणी अधिक उपयोगी होती.

दुसरे कारण लपलेल्या मधुमेहाचे. मधुमेह आणि पोटावरची चरबी या दोन्हींनी हा आजार बळावतो. आपल्याकडे पस्तिशीच्या कित्येकांनी रक्तातली साखर कधी तपासलेलीच नसते. ते स्वतःला निरोगी म्हणवतात, आपणही म्हणतो. त्यातच काहींनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, कधी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून. डेक्सामेथासोनने जीव वाचतात हे इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीने जून 2020 मध्ये दाखवले, पण ज्यांना ऑक्सिजन लागतो त्यांचे. ज्यांना तो लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. साखर मात्र या गोळ्यांनी भराभर वाढते, आणि त्याच वाटेने पुढे काळ्या बुरशीचा आजार आला. गरोदर स्त्रियांनाही अशा साथीत धोका जास्त असतो. 2009 च्या स्वाइन फ्लूतही तो दिसला होता.

आणि खरोखर तरुणांनाच हेरणारी साथ पाहायची तर 1918 चा इन्फ्लुएंझा पाहावा. मुंबई बंदरातून तो इलाखाभर पसरला आणि वीस ते चाळीस वयाची माणसे त्यात सर्वाधिक दगावली. करोनाचा आलेख तसा कधीच नव्हता.

आणखी एक गोष्ट वॉर्डात दिसते. तरुण रुग्ण तग धरतो, आठवडेच्या आठवडे खाट सोडत नाही. एखाद्या दिवशी फेरफटका मारणाऱ्याला त्यामुळे तरुणांच्या खाटा अधिक भरतात.

साखरेचे म्हणाल तर तिशी ओलांडलेल्यांची साखर व रक्तदाब गावच्या आरोग्य उपकेंद्रात मोफत तपासतात. बोटाच्या टोकाचा एक थेंब रक्त पुरते. काही खाऊन गेलात तरी चालते, फक्त तसे सिस्टरला सांगावे.